सर्वांत लांब तुकडा

कूळ विचारू नये, मूळ विचारू नये म्हणतात.
मी नळीत थुंकले, झाकण घट्ट लावलं
आणि टपालाने विचारलं.

सहा आठवड्यांनी उत्तर : नातेवाईक, चार हजार एकशे सहा.
पहिल्याच पानावर अकरा जण,
'बहुधा जवळचे चुलत.'
मला हसू आलं.
हॅगडाउन कोव्हची आम्ही माणसं.
एकोणीस घरं, आडनावं दोन, कीपिंग आणि रोझ.
रस्ता नाही, हिवाळ्यात बोटही नाही.
लग्नाला मुलगी आणायची कुठून? शेजारून.
दोनशे वर्षं शेजारून.
म्हणून इलायझा माझी चुलत, मावस, आते आणि मामे,
एकाच वेळी, एकाच खुर्चीत बसून चहा पिणारी.
यंत्राला हे कोण सांगणार?
ते नुसती बेरीज करतं.

बेरजेचं मला शिकवू नका.
एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
वजनाची वही माझ्याकडे होती.
शंभर पौंड कॅपलिन, शंभर पौंड कॉड,
काट्याला दोन्ही सारखेच.
पण कॅपलिन फावड्याने ढकलतात,
आणि कॉड उचलायला दोन्ही हात लागतात.
तेव्हा मी बेरजेवर पोस्टकार्ड ठेवते
आणि आधी बघते सर्वांत लांब तुकडा.
सात, नऊ, आठ, साडेसहा सेंटीमॉर्गन :
ही चिल्लर. पणजोबाच्या पणजोबाची,
फिरून फिरून त्याच खिशात आलेली.
अकरा जण दोन संध्याकाळींत
कुंपणापलीकडे नेऊन ठेवले.

मार्चमध्ये एक नाव आलं.
अल्डन टार, ग्लॉस्टर, मॅसॅच्युसेट्स.
एक हजार सातशे बारा.
पोस्टकार्ड ठेवलं.
सर्वांत लांब तुकडा एकशे एकोणचाळीस.

इतकं वजन मोजक्याच ठिकाणी बसतं :
आजोबा, मामा, काका, भाचा, नाहीतर अर्धा भाऊ.
जन्मसाल त्याने लिहिलेलं, पंचेचाळीस. माझं एकोणपन्नास.
चार वर्षांनी मोठा आजोबा कुणाला नसतो,
भाचा तर नाहीच.
मामा-काका व्हायला आजी लागते,
आणि दोन्ही आज्या तोवर टेकडीवर पुरलेल्या.

राहिला भाऊ. पण कुणाचा?
आईकडचे सगळे त्याला लागतात,
बाबांकडचेही लागतात, थोडे थोडे.
आमच्यात सगळ्यांना सगळेच लागतात.

मग एक्स उघडला.
मुलग्याला तो बापाकडून मिळत नाही.
आई देते, आईच.
आणि तिथे, पडद्याच्या अगदी तळाशी,
आम्हा दोघांचा एक पट्टा, लांबच लांब,
मध्ये कुठे तुटलेला नाही.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात
आई सेंट जॉन्सला कामाला होती, एका डॉक्टरांकडे.
त्या घराबद्दल ती एकच गोष्ट सांगायची :
जिन्याला चव्वेचाळीस पायऱ्या होत्या.
कुणी विचारलेलं नसायचं. मधेच,
बटाटे सोलता सोलता म्हणायची, चव्वेचाळीस.
पाणी कुठे मुरत होतं ते आम्हाला कळलं नाही.
आम्हाला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

पत्र चार वेळा लिहिलं.
'सावत्र' लिहिलं आणि खोडलं.
सावत्र म्हणजे दुसऱ्या आईचा.
आपली तर एकच.
सेंटीमॉर्गन खोडले. एक्सही खोडला.
तिचा फोटो जोडला, काढला, पुन्हा जोडला.

शहात्तर वर्षं मी थोरली होते.
पाच जणांची नाकं पुसली, बूट बांधले,
तिचे डोळे मिटले ते मीच, थोरली म्हणून.
शेवटी एवढंच पाठवलं :
मी डॉर्कस. तुझ्या पाठची.

वाचल्याची खूण अजून नाही.
त्याच्या नावाखाली लिहिलंय, शेवटची भेट अकरा मार्च.
आज जूनची बावीस.
कॅपलिन किनाऱ्यावर लोळायला लागलेत,
आणि बादल्या घेऊन
सगळे चुलत-मावस खाली गेलेत.
इलायझाने दोनदा हाक मारली.
येते म्हटलं.